पाय धुण्याचा रविवार

पंप बसलाय, लगेच ये, असा फोन.
म्हटलं, रविवारी मी नळाची वादीसुद्धा बदलत नाही.
पलीकडून डेल्फिया म्हणाली, आज पाय धुवायचेत.
एवढंच. दूध उतू जातंय म्हणावं, तसं.

केंटकीत डोंगरांच्या घळीत रस्ता जिथे संपतो
तिथे त्यांचं प्रार्थनाघर. पांढऱ्या फळ्या, वर क्रूससुद्धा नाही.
मागे बोअर, दोनशे दहा फूट.
कपॅसिटर जळालेला. वीस मिनिटांचं काम,
पण खिडकी उघडी होती.

आत एक म्हातारा ओळ सांगत होता
आणि बाकीचे ती ओळ ओढत होते,
चिखलात रुतलेली गाडी काढावी तशी, सगळे मिळून, सावकाश,
कुणाचा खांदा कुठे लागतोय ते न बघता.
पेटी नाही, ताल नाही.
मी पाना हातात धरून उभा.
हे गाणं की कण्हणं, काही ठरेना.

मग एक बाई ओरडली.
साप दिसल्यावर ओरडतात तसं नव्हे,
मेला समजलेला मुलगा फाटकात उभा दिसावा, तसं.
टाळ्या पिटत ती बाकांमधून गेली,
भेटेल त्याच्या गळ्यात पडली,
केसांचा आकडा निसटला, तिला पत्ता नाही.
कुणी घाबरलं नाही, कुणी डॉक्टर बोलावला नाही.
एका पोराने आकडा उचलला
आणि गुपचूप तिच्या पर्समध्ये ठेवला.
रोजचं काम असल्यासारखा.

पाणी आलं. आधी लाल, गंजाचं, मग नितळ.
घमेली भरून मीच नेली, दारापर्यंत.
तेवढंच, दारापर्यंत.

आत बायका एकीकडे, पुरुष एकीकडे.
कमरेला लांब पंचा बांधून व्हर्लिन गुडघ्यांवर बसला.
समोर होबर्ट.
या दोघांत कुंपणाचा वाद, अकरा वर्षं जुना.
मला ठाऊक, कारण दोघांचे पंप मीच बघतो
आणि दोघेही मला दुसऱ्याच्या पाण्याची पातळी विचारतात.
होबर्टच्या डाव्या पायाला दोनच बोटं. बाकीची खाणीत राहिली.
व्हर्लिनने ती दोन धुतली,
मग जिथे बोटं नव्हती ती जागाही धुतली,
तितकाच वेळ.
दोघे रडत होते, मोठ्याने, लाज नसलेल्या लेकरांसारखे,
आणि नाक पुसायला पंचा तोच.

मी दाबाच्या काट्याकडे बघत राहिलो.
चाळीस. पुन्हा बघितलं. चाळीसच.

होबर्ट ओल्या पायांनी दारात आला.
बूट काढ, म्हणाला, तुझेही होऊन जाऊ देत.
म्हटलं, मी यातला नाही.
म्हणाला, ते कुठे विचारलं?
म्हटलं, बिल पाठवतो.

सोमवारी कॉफीच्या टपरीवर सगळं रंगवून सांगितलं.
त्या बाईचं ओरडणं मला हुबेहूब काढता येतं.
लॉनीला ठसका लागला.
अंगात येतं रे त्यांच्या, म्हटलं,
आणि एकमेकांचे पाय धुतात, ते खाणवाले!
हसणं ओसरल्यावर कुणीतरी विचारलं, तुझे धुतले का?
छे, मी कसला.

एक मात्र सांगितलं नाही.
देवाबिवाचं काही आड आलं नव्हतं.
उजव्या मोज्याला भोक होतं, अंगठ्यापाशी.

बिल अजून टेबलावर पडून आहे.
परवा व्हर्लिनचा फोन आला, पंप कुरकुरतोय म्हणून.
गेलो. होबर्टच्या पाण्याची पातळी त्याने विचारली नाही.
निघताना विचारली.
कुंपणही तिथंच आहे, जिथं होतं.

मी नवे मोजे घालून गेलो होतो.
कशाला, कोण जाणे.
पंपाला काय त्याचं.